जोगळेकर सरांचा चातुर्मास

जोगळेकर सर कुणाच्याही घरी गेले की दिवाणखान्यात बसत नसत. चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरत आणि ओट्यावरची तेलाची बरणी उचलून उजेडात धरत. तेल किती उरलंय, महिना किती सरलाय आणि घरात माणसं किती, याचा अंदाज घेत. मग घरच्या बाईकडे वळून गंभीरपणे म्हणत, "वहिनी, यजमानांवर फार रागावलेल्या दिसता."

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मलाही हेच म्हणाले. मी नुकतीच टेलिफोनच्या कचेरीतून घरी आले होते, पाय दुखत होते, आणि एक जवळजवळ परका माणूस माझी बरणी हातात घेऊन उभा होता. मी म्हटलं, "रागावलेली आहे खरी, पण राग तेलातून नाही काढत." सर खदाखदा हसले. त्या हसण्याला मी भुलले. पुढे आमच्या सोसायटीतली बरीच माणसं त्यांच्यामागे गेली, पण पहिलं घर माझं.

कोथरूड तेव्हा वाढत होतं. शेतं मोडून सोसायट्या उभ्या राहत होत्या, रस्ते अर्धवट होते आणि रिक्षावाले आमच्या बाजूला यायला नाही म्हणत. सर आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा खादीचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक चपटी डबी. डबीत जवस आणि लसणाची चटणी. ती घेऊन ते लग्नाच्या पंगतीतही बसत. साधा भात मागून घेत, त्यावर चटणी भुरभुरवत आणि वाढपी जवळ आला की पानावर आडवा हात धरत. एकदा मुलीचा बाप स्वतः जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला आला, तर सर म्हणाले, "तुमच्या मुलीला आशीर्वाद दिलाय. जिलबीला देणार नाही." तो बिचारा ताट घेऊन पुढच्या पानावर गेला.

रक्त हा त्यांचा आवडता विषय. "रक्ताला वाट द्या हो," असं ते दिवसातून कितीदा म्हणत कोण जाणे. भाजीवालीला म्हणत, पोस्टमनला म्हणत. "खडकवासल्याचा कालवा गाळानं भरला तर तुमच्या नळाला पाणी येईल का? मग तुपाचा गाळ आत साचवून हृदयावर कशाला चिडता?" असं विचारून ते समोरच्याचं मनगट हातात घेत आणि डोळे मिटून नाडी बघत. नाडी बघताना त्यांचा चेहरा इतका प्रेमळ होई की हात सोडवून घ्यावासा वाटत नसे. लसूण, आवळा, जवस, कारळं, नाचणी, मेथीचे मोड, या सगळ्यांवर त्यांची श्रद्धा होती. पण त्यांचा खरा जीव अळिंबीवर, म्हणजे मशरूमवर.

त्यांच्या घरात दोन न्हाणीघरं होती. त्यातलं एक त्यांनी बायकोकडून काढून घेतलं आणि तिथे धिंगरी अळिंबीची लागवड केली. खडकवासल्याकडचा एक शेतकरी भाताचा पेंढा आणून द्यायचा. तो पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून सर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थराथरानं भरत आणि प्रत्येक थरावर अळिंबीचं बियाणं पेरत. पिशव्यांना भोकं पाडून त्या कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगत. पाहुण्यांना ते हे न्हाणीघर देवघरासारखं दाखवत. दार अर्धवटच उघडत, आणि आत कुणी खोकलं तर त्यांना ते अजिबात खपत नसे. ओल्या पेंढ्याचा वास, अंधार, आणि त्या अंधारात पिशव्यांमधून बाहेर आलेले करड्या-पांढऱ्या कानांचे झुबके. मला आधी किळस आली होती. मग सरांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, कांदा-मिरी घालून त्याची भाजी खायला घातली आणि माझी किळस गेली. मालतीबाई मोजकं बोलायच्या. मी त्यांना विचारलं, "तुमची अडचण नाही होत?" तर म्हणाल्या, "होते की. पण अळिंबी निदान उलट बोलत नाही."

सोसायटीच्या सत्यनारायणाला सरांनी हट्टानं अळिंबीची भाजी करायला लावली. पोस्टातून निवृत्त झालेले बर्वे आमच्या शेजारी राहायचे. त्यांची आई नव्वदीला टेकलेली. आजींच्या पानात भाजी पडली, तेव्हा त्यांनी बोटानं एक फोड बाजूला काढली आणि विचारलं, "जोगळेकर, हे झाड का प्राणी?"

सर मास्तर माणूस. चुकीचं उत्तर देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, असं तेव्हा आम्हाला वाटे. ते म्हणाले, "आजी, खरं सांगायचं तर दोन्ही नाही."

"मग काय ते ठरलं की वाढा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पान पुढे सरकवलं.

सगळी पंगत हसली. सर सर्वांत जास्त हसले. त्यांच्यावर केलेले विनोद ते स्वतःच चार घरी जाऊन सांगत. कुणी त्यांना 'छत्रीवाले जोगळेकर' म्हटलं तर तेही त्यांना चाले. अशा माणसाला आतून स्वतःच्या मोठेपणाची इतकी काळजी असेल, हे कुणाला सुचणार?

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण ह्यांच्याशिवाय सरांची गोष्ट पुरी होत नाही. हे पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखान्यातल्या तपासणीत रक्तदाब बराच वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली. गोळीनं दाब उतरला, पण हे धसकले. वडील असेच अचानक गेले होते. जिना चढताना हे छातीवर हात ठेवायला लागले, रविवारी बाहेर पडेनासे झाले, रेडिओचा आवाजसुद्धा मोठा नको म्हणायला लागले. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. कुणाचा उपयोग झाला नाही.

सरांचा झाला. ते एका सकाळी आले, ह्यांच्या हाताला धरून म्हणाले, "कुलकर्णी, टेकडीच्या पायथ्यापर्यंत चला. चढायचं नाही. नुसती बघून यायची." दुसऱ्या दिवशी म्हणाले, त्या पहिल्या दगडापर्यंत जाऊ. तिथे बसून सरांनी ह्यांना खिशातले शेंगदाणे दिले आणि शाळेतल्या गमती सांगितल्या. असं करत करत पावसाळा सरेपर्यंत हे टेकडीच्या माथ्यावर पोचले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला, मला दिला, आणि म्हणाले, "वरून आपली गच्ची दिसते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा मला त्या माणसानं परत आणून दिला होता. हे मी कधी नाकारणार नाही. नाकारता येत नाही, म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

हळूहळू सरांभोवती एक मंडळ जमलं. सगळे पन्नाशी-साठीचे, कुणाला दाब, कुणाला चरबी, कुणाचं आधी एकदा छातीत दुखून गेलेलं. सोसायटीतली पोरं त्यांना 'अळिंबी मंडळ' म्हणत. दर रविवारी सगळे सरांच्या गच्चीवर जमत, नाचणीची आंबील पीत, अळिंबीचं सूप पीत. सूप चांगलं असायचं. आमच्या डॉक्टरांनासुद्धा मी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "खाऊ द्या की अळिंबी, उत्तम आहे. तेल-तूप कमी होतंय, माणूस चालतोय, अजून काय पाहिजे? फक्त गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नको."

पुढच्या वर्षी आषाढी एकादशीला मंडळ सरांच्या घरी फराळाला जमलं होतं. आमच्या पिढीत चातुर्मासाचा काही ना काही नेम असायचाच. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी वांगं सोडायचं, बर्व्यांच्या आई ताटाऐवजी केळीच्या पानावर जेवायच्या. कार्तिकीपर्यंत तो पाळायचा आणि द्वादशीला पारणं फेडायचं. त्या संध्याकाळी कोण काय सोडणार याची थट्टामस्करी चालली होती. सर म्हणाले, "लसूण सोडाल तर माझ्याशी गाठ आहे." सगळे हसले. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "दरवर्षी आपण जे चांगलं तेच सोडतो. लसूण चांगला, तो सोडतो. वांग्यानं कुणाचं काय बिघडवलंय? या वर्षी मी गोळी सोडणार आहे."

त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि विठोबाच्या तसबिरीपुढे पाटावर ठेवली. सरांनाही रोजची गोळी आहे, हे आम्हा बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

मग बर्वे उठले आणि घरी जाऊन आपली पट्टी घेऊन आले. मग आणखी एक जण. मी ह्यांच्याकडे पाहत होते आणि मला कळत होतं की हेही उठणार. मी सरांना सर्वांदेखत विचारलं, "डॉक्टरांना विचारलंत का?"

"वहिनी, नेम आपण घेतोय. डॉक्टर घेत नाहीयेत."

"पण काही झालं तर?"

"आहार आहे, चालणं आहे, मी आहे. तुमच्या यजमानांहून दहा-बारा वर्षांनी मोठा मी. मला काही झालं तर खुशाल गोळी सुरू करा."

सगळ्या पट्ट्या जमल्यावर सर त्या खाली इमारतीच्या मागच्या अंगणात घेऊन गेले, आम्हीही मागोमाग उतरलो. वापरून झालेल्या पेंढ्याचा कुजका ढीग होता, त्यात खड्डा करून त्यांनी त्या पुरल्या आणि हात धुऊन आले. त्यांची पट्टी सर्वांत वर होती. मी पाहिली. वर आलो तेव्हा मालतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भगर वाढायला घेतली.

बाहेरच्या कुणाला हा शुद्ध मूर्खपणा वाटेल. पण नेमाची गंमत अशी, की तो एकदा घेतला म्हणजे घरातल्या बायकोचं, डॉक्टरचं, कुणाचंच त्यापुढे चालत नाही. साधी गोळी सोडली असती तर मी भांडून पुन्हा सुरू करून घेतली असती. देवापुढे सोडलेली गोळी कशी सुरू करून घेणार? श्रावण संपता संपता ह्यांचं सकाळी डोकं जड व्हायला लागलं. कानात गुणगुण व्हायची. मी म्हटलं, "पुरे झालं आता." हे म्हणाले, "सर पाळताहेत ना? या वयात पाळताहेत. मग मला काय धाड भरली आहे?" प्रत्येक वेळी हेच. सर पाळताहेत.

शेवटी गणपती झाल्यावर मी एकटी सरांकडे गेले. सर न्हाणीघरात पिशव्यांवर पाणी फवारत होते. मी दारातूनच म्हटलं, "सर, ह्यांना नेमातून मोकळं करा. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील. ह्यांचं डोकं दुखतं रोज."

सरांनी फवारणी थांबवली. क्षणभर मला वाटलं, ते हो म्हणणार. चेहऱ्यावर तसं काहीतरी आलं होतं. मग ते बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, मी स्वतः पाळतोच आहे ना? काही होत नाहीये मला. थोडे दिवस राहिलेत. एवढा चांगला चाललेला माणूस मधेच कच खाऊन बसला तर पुन्हा खचेल." आणि मला ताज्या अळिंबीची पिशवी दिली. मी ती घेऊन घरी आले. सरांचा शब्द म्हणजे शब्द, अशी माझी समजूत होती. रात्री ह्यांना भाजी करून वाढली.

दसरा झाला. दिवाळीच्या अलीकडे, एका सकाळी हे टेकडीवर जायला निघाले होते. बूट घालायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लोंबता. माझं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते आणि घोगरा आवाज फक्त निघत होता. बर्व्यांनी रिक्षा आणली. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दाबाची गोळी चालू होती?"

मी म्हटलं, "चातुर्मासाचा नेम होता."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग लिहायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर त्याच दिवशी आले. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले, डोळे पुसले. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. मला वाटलं, हाही बिचारा त्याच वाटेवर चाललाय, उद्या याच्यावर हीच पाळी यायची. अजून सांगते, त्या बाकावर बसून मी सरांची काळजी करत होते.

पुढच्या आठवड्यात ह्यांना घरी आणलं. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दुकानदारानं एकेक औषध काउंटरवर ठेवलं. दाबाची पट्टी ठेवताना म्हणाला, "हीच सरांची पण. जोगळेकर सरांची. बरं झालं, तुम्ही तिकडेच राहता. त्यांची तेवढी नेऊन देता का? काल स्टॉक नव्हता, म्हणून हात हलवत गेले बिचारे."

मी म्हटलं, "सरांनी बंद केली आहे."

"छे हो. आषाढात एकदा म्हणाले होते खरं बंद करणार म्हणून. आठ दिवसांत परत आले. तेव्हापासून एकदा चुकवलं नाही. फार व्यवस्थित माणूस."

त्यानं खाकी पुडी माझ्या हातात दिली. मी ती घेऊन रस्ता ओलांडला, सरांच्या इमारतीचा जिना चढले. दार मालतीबाईंनी उघडलं. माझ्या हातातली पुडी बघून त्या बाजूला झाल्या.

सर जेवणाच्या टेबलावर अळिंबी निवडत बसले होते. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. "दुकानदारानं पाठवलीय," म्हटलं.

सरांनी पुडीला हात लावला नाही. देठ खुडत राहिले. मग म्हणाले, "मी सोडली होती, वहिनी. खरंच सोडली होती. सहाव्या-सातव्या दिवशी छातीत कसंतरी झालं. घाबरलो."

"मग घ्यायची होती. कुणी अडवलं होतं?"

"घेतली."

"आणि आम्हाला?"

"कसं सांगणार? सगळे माझ्याकडे बघून चालले होते."

"म्हणूनच सांगायचं होतं, सर! माझे यजमान रोज सकाळी डोकं धरून बसायचे आणि म्हणायचे, सर पाळताहेत. मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले होते. तुम्ही छातीवर हात ठेवून सांगितलंत मला. भीती तुम्हालाही वाटली होती, मग एवढंच सांगायचं होतं की बाबांनो, मला भीती वाटली. तुमच्या भीतीनं ह्यांचा हात वाचला असता."

मी ओरडत होते. मालतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मी सांगत होते ह्यांना." मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही मला सांगायचं होतं." त्यांनी खाली मान घातली. त्या बाईवर माझा जीव होता, आणि ती पूर्ण पावसाळा माझ्यासमोर मूग गिळून बसली होती.

मी सरांना एकच गोष्ट मागितली. कार्तिकी तोंडावर आली होती, बाकीची मंडळी अजून गोळ्या सोडून बसली होती. द्वादशीला पारण्याला सगळे जमतील, तेव्हा उभं राहून खरं सांगा. आज, उद्या, केव्हाही सांगा, पण निदान तेव्हा तरी सांगा. सर म्हणाले, "सांगतो. शब्द देतो." पुन्हा शब्द. आणि मी पुन्हा तो घेतला, कारण दुसरं काही त्यांच्याकडे मागण्यासारखं उरलं नव्हतं.

द्वादशीला ह्यांच्याजवळ बहिणीला बसवून मी गेले. पुरण होतं, अळिंबीची भाजी होती. सर उभे राहिले. घसा साफ केला. म्हणाले, "नेम पूर्ण झाला. आता थंडी सुरू होते आहे, तेव्हा ज्याला वाटेल त्यानं आपापल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा." एवढंच. बसायला लागले.

बर्व्यांनी विचारलं, "पण कुलकर्ण्यांचं असं कसं झालं, सर? तेही आपल्यासारखंच पाळत होते."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाईट झालं. फार वाईट झालं. पण पथ्य घरी आतून कितपत पाळलं गेलं, ते आपल्याला कसं कळणार?"

माझ्या अंगाची आग झाली. मी उठले आणि सगळं सांगितलं. दुकान, पुडी, आठ दिवस, सगळं. सांगून झाल्यावर कुणी सरांकडे बघेना, कुणी माझ्याकडे बघेना. सर आपल्या पानाकडे बघत होते. मग बर्वे उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "वहिनी, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो."

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानात गेले तर अख्खं अळिंबी मंडळ तिथे. कुणी वर्तमानपत्रात डोकं घातलेलं, कुणी दातांच्या पावडरीचे डबे निरखतंय. बर्वे मला बघून म्हणाले, "खोकल्याचं औषध घ्यायला आलो होतो." मी म्हटलं, "घ्या, घ्या. फार खोकला आहे गावात." त्या सकाळी मला खूप दिवसांनी हसू आलं, आणि घरी येऊन तेवढंच रडू आलं.

सगळे आपापल्या गोळ्यांवर परत गेले, आणि सरांना तरीही कुणी काही विचारलं नाही. रविवारची बैठक हळूहळू बंद पडली, एवढंच. सर रस्त्यात दिसले की लोक नमस्कार करत. मी रस्ता बदलत असे. मला त्या माणसाचा राग येत होता, आणि राग येऊन शमला की टेकडीवरून आल्यावर ह्यांनी केलेला तो चहा आठवायचा आणि पुन्हा दुप्पट राग यायचा.

ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. मनाला धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय हे पलंगावर पडून ज्या थोड्या माणसांची वाट बघत, त्यांत सर पहिले होते. मी विषय काढत नसे. हे काढत. हळूहळू शब्द परत येत होते, एकेक, मधे मोठी फट ठेवून. आणि त्या मोजक्या शब्दांत 'सर' हा एक होता.

दोन पावसाळे असेच गेले. मग एका दुपारी दाराची घंटा वाजली. सर उभे होते. खूप वाळले होते. कोथरूडचं घर विकून मांजरी गावी लेकीकडे राहायला निघाले होते, तिकडे नव्या इमारती झाल्या होत्या. "जायच्या आधी कुलकर्ण्यांना एकदा भेटून जातो," म्हणाले. मालतीबाई खाली रिक्षात बसल्या होत्या. त्या वर आल्या नाहीत. मी दारातच उभी राहिले असते, पण आतून ह्यांनी आवाज ओळखला होता. मग बाजूला व्हावं लागलं.

हे खुर्चीत बसले होते. सरांना बघून ह्यांचा सगळा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, उजळला. सर समोर वेताच्या मोड्यावर बसले, ह्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला. मग हे बोलायची तयारी करायला लागले. शब्द जुळवताना ह्यांच्या कपाळाची शीर उठायची, तशी उठली.

"सर... माझा नेम... मोडला. दवाखान्यात... गोळी दिली." थांबले. लाळ पुसायला मी पुढे झाले तर हातानं मला थांबवलं. "तुमचा... झाला... पूर्ण?"

दोन वर्षं हा माणूस हे ओझं घेऊन बसला होता. दवाखान्यात दिलेल्या गोळीनं आपला नेम मोडला, आपण कमी पडलो, सर टिकले. मला हे माहीतच नव्हतं.

सरांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी दाराला टेकून उभी होते. मी काही बोलणार नव्हते. त्या दिवशी त्यांना कुणी अडवत नव्हतं, मंडळ नव्हतं, पंगत नव्हती. एक आजारी माणूस आणि एक बाई, जिला सगळं माहीत होतं. 'नाही' हा एकच शब्द पुरला असता. तो शब्द ऐकला असता तर मी त्यांना चहा विचारला असता. आत जाऊन आधण ठेवलं असतं, असं मला अजून वाटतं.

"झाला," सर म्हणाले. "पूर्ण झाला, कुलकर्णी."

ह्यांनी समाधानानं मान हलवली. मग उजवा हात सरांच्या हातातून डाव्या हातानं सोडवून घेतला, मोठ्या कष्टानं डाव्यावर आणून ठेवला, आणि दोन्ही हात जोडून सरांना नमस्कार केला. हात सारखे घसरत होते, तरी केला.

सरांनी मान लववून तो घेतला, आणि उठून जिना उतरून गेले.